पहाट, जाळे आणि शेवटची काही मिनिटे

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. तीन तळ्यांत कार्प आणि तिलापिया आहेत, बोटुकल्यांसाठी, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांसाठी, दोन सिमेंटच्या टाक्या आहेत. मरतूक फार नाही, वाढही बरी आहे. तरी मन खात राहते, कारण मासा ना ओरडतो ना लंगडतो. तो त्रासात आहे हे ओळखायचे कसे? संख्या कमी केली की पुरेल का? पैसा बेताचा असेल तर पहिला खर्च कशावर करावा? आणि काढलेले मासे जिवंतपणी बर्फात टाकतात, ते बरोबर आहे का?

तळी, टाक्या आणि पाण्यात सोडलेले जाळीचे पिंजरे यांतल्या माशांच्या आरोग्याचे काम मी २० वर्षांहून अधिक काळ करतो आहे. मासे मरायला लागले की माणसे फोन करतात. मरत नसताना असा प्रश्न विचारणारे फार थोडे भेटले, म्हणून हात न आखडता लिहितो.

इतक्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. माशाचे हाल वर्षभर सारखे पसरलेले नसतात. ते मोजक्या वेळांत साठलेले असतात: सूर्योदयाआधीचे दोन-तीन तास, जाळे पडल्यापासून मासा पुन्हा पाण्यात स्थिरावेपर्यंतचा वेळ आणि मरणाआधीची मिनिटे. बाकीच्या वेळेत तळे ठीकठाक दिसते आणि आपण नेमके तेव्हाच तिथे असतो. त्यामुळे लक्ष आणि पैसा दोन्ही या तीन ठिकाणी आधी वळवा.

माशाला खरेच दुखते का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्याकडे काम करणारे विचारतील. जीवशास्त्रज्ञ लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रेनबो ट्राउट या माशाच्या डोक्यावर इजा टिपणारी चेतातंतूंची टोके असल्याचे दाखवले. ओठात मधमाशीचे विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचलेल्या माशांचा श्वास वाढला आणि त्यांनी बराच वेळ खाण्याकडे पाठ फिरवली. आम्ल टोचलेल्यांपैकी काही मासे टाकीतल्या खड्यांवर ओठ घासत राहिले. मॉर्फिन दिल्यावर हे वागणे कमी झाले. माशाच्या मेंदूची रचना वेगळी असल्याने ही जाणीव आपल्यासारखी नसेल, असे म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत. मला तो वाद महत्त्वाचा वाटतो, पण त्याचा निकाल लागेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण दिसत नाही. शिवाय आकडा लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनुसार २०२२ मध्ये संवर्धनातून मिळालेले जलचर प्राणी पहिल्यांदाच पकडलेल्या जलचरांपेक्षा जास्त भरले, सुमारे ९.४४ कोटी टन. आपण हे टनांत मोजतो आणि त्या टनामागे किती जीव आहेत हे नजरेआड होते. २०१९ मध्ये मारल्या गेलेल्या पाळीव माशांच्या संख्येचा अभ्यासकांचा अंदाज ७८ ते १७१ अब्ज असा आहे.

आता ओळखायचे कसे ते सांगतो. खाद्याची बादली हातात घेण्याआधी पाच मिनिटे नुसते काठावर उभे राहा. बादली दिसली की मासे तुमच्याकडे धावतात आणि सगळे छान आहे असे वाटते. ते पाहणे उपयोगाचे नाही. मासे तळ्यात पसरलेले आहेत की पाणी आत येते तिथे गोळा झाले आहेत? पृष्ठभागावर तोंड काढून हवा ओढत आहेत का? अंग कुठे घासत आहेत का? तसे असेल तर अंगावर परजीवी असण्याची किंवा कल्ल्यांना त्रास देणारे काही पाण्यात असण्याची शक्यता मोठी. टाकीत तर याहून सोपे आहे. एखाद्या शांत माशाच्या कल्ल्यावरचे झाकण अर्ध्या मिनिटात किती वेळा उघडते ते मोजा, असे चार-पाच मासे मोजा, आणि रोज त्याच वेळी मोजा. किती आकडा योग्य, हे प्रत्येक जातीचे, वयाचे आणि तापमानाचे वेगळे असते. तुम्हाला हवा आहे तो तुमच्या टाकीचा नेहमीचा आकडा. तो माहीत असला की बिघाड मरतूक सुरू होण्याच्या कितीतरी आधी दिसतो.

हिरव्या तळ्यात मासा दिसतच नाही, ही अडचण मला माहीत आहे. तिथे खाद्याचा ट्रे पाण्यात सोडा आणि ठरावीक वेळाने उचलून किती उरले ते पाहा. भूक मंदावणे ही बहुतेक वेळा पहिली तक्रार असते. वजन पाहण्यासाठी नमुन्याचे मासे काढता, तेव्हा नुसते वजन लिहून सोडू नका. तेवढ्याच वेळात परांच्या कडा, खवले, डोळे, तोंडाचे टोक आणि कल्ल्यांचा रंग पाहा. पर फाटला आहे की झिजून आखूड झाला आहे, जखम ओली आहे की भरत आली आहे, एवढे दोन शब्द वहीत लिहिले तरी दोन महिन्यांनी ती वही तुम्हाला पुष्कळ सांगेल. नॉर्वेतल्या संशोधकांनी सॅल्मन या माशासाठी अशा खुणांची एक मार्गदर्शिका २०१८ मध्ये तयार केली. तिच्यात पाण्यावरून, थव्यावरून आणि एकेका माशावरून कळणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या आहेत. तुमची जात वेगळी असली तरी पाहण्याची ती रीत उचलण्यासारखी आहे.

आता पहाट. सगळ्यात जास्त मी यावरच बोलणार आहे, कारण तळ्यातल्या माशाच्या त्रासाचा मोठा वाटा इथे आहे आणि तो सगळ्यात कमी पाहिला जातो.

३० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात हवेतून विरघळणारा ऑक्सिजन लिटरला जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या एका लिटरमध्ये तो २७० मिलिग्रॅमच्या जवळपास असतो. म्हणजे मासा मुळातच फार थोड्यावर जगतो, आणि पाणी तापले की दुहेरी कोंडी होते: पाण्यात मावणारा ऑक्सिजन घटतो आणि माशाची गरज वाढते. दिवसा शेवाळ आणि प्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) ऑक्सिजन सोडतात. रात्री तेच शेवाळ, मासे, तळाचा गाळ, सगळे तो वापरतात. त्यामुळे सूर्य उगवण्याच्या सुमारास पातळी सर्वांत खाली असते आणि दुपारी सर्वांत वर.

सुरुवातीच्या वर्षांत मी सकाळी ११ वाजता तळ्यावर पोहोचायचो, ऑक्सिजन मीटर बुडवायचो, लिटरला ८ किंवा ९ मिलिग्रॅम आकडा दिसला की वहीत ‘उत्तम’ लिहायचो. अशा एका तळ्यात वाढ अडली होती आणि मी खाद्यात दोष शोधत होतो. शेवटी एका रात्री तिथेच राहिलो. पाच वाजता आकडा २ च्या खाली होता आणि बॅटरीच्या उजेडात पृष्ठभागावर हजारो तोंडे दिसत होती. दिवस वर आला तसे ते मासे खाली गेले. मी नेहमीच्या वेळी आलो असतो तर मला काहीच दिसले नसते. ते मासे कित्येक आठवडे रोज रात्री गुदमरत होते आणि माझी वही उत्तम म्हणत होती. ती वही मी अजून ठेवली आहे.

कार्प आणि तिलापियासाठी पहाटेचा आकडा ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर राहावा असा प्रयत्न करा. ३ च्या खाली गेला तर मासा ताणाखाली आहे असे समजा, मग तो खात असला तरी. ट्राउटसारख्या थंड पाण्यातल्या माशांना याहून जास्त लागतो. तिलापिया १ मिलिग्रॅमवरही काही काळ तग धरतो, आणि तो काटक आहे म्हणून त्याला चालते, असे सगळीकडे ऐकू येते. हे वाक्य मला मनापासून खटकते. काटक मासा सोसतो, म्हणून आपण त्याच्यावर जास्त लादतो, आणि तो मरत नाही म्हणून ते बरोबर ठरवतो. सहन होणे आणि बरे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारे यंत्र, असेल तर मासे वर आल्यावर सुरू करणे म्हणजे उशीर. तोपर्यंत त्यांनी रात्रभर किंमत मोजलेली असते. मध्यरात्रीनंतर, आकडा घसरत असतानाच तो चालू हवा आणि सूर्य नीट वर येईपर्यंत चालू राहावा. ढगाळ दिवसानंतरची रात्र जास्त धोक्याची, कारण दिवसाची कमाई कमी झालेली असते. सगळ्यात वाईट रात्र म्हणजे हिरवे पाणी एकाएकी तपकिरी किंवा स्वच्छ झाल्यानंतरची. शेवाळ एकदम मेलेले असते, ऑक्सिजन देणारे कोणी उरत नाही आणि मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरला खेचून घेते. पाण्याची पारदर्शकता मोजायची काळी-पांढरी चकती दोरीला बांधून सोडा. ३० ते ४५ सेंटिमीटरवर ती दिसेनाशी होत असेल तर ठीक. २० च्या आतच दिसेनाशी होत असेल तर शेवाळ फार माजले आहे. खत थांबवा आणि खाद्य कमी करा. यंत्र असे ठेवा की पाणी फिरेल, तळाचा गाळ उपसला जाणार नाही. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरूनच पर्यायी सोय करा, कारण दाट तळ्यात किंवा टाकीत ती सोय नसेल तर एका रात्रीत सगळे संपते.

एक बिनखर्ची गोष्ट सांगतो. ज्या दिवशी पहाटेचा आकडा खाली दिसला, त्या दिवशी सकाळचे खाद्य टाळा. खाल्लेले पचवायला माशाला जादा ऑक्सिजन लागतो, आणि उरलेले खाद्य कुजून तो आणखी खाते. उपाशी ठेवणे निर्दयपणाचे वाटते, पण मासा शीत रक्ताचा आहे, एका दिवसाच्या उपासाने त्याचे बिघडत नाही. गुदमरत असताना पोट भरल्याने मात्र बिघडते.

अमोनियाचे गणित याच्या नेमके उलट चालते, म्हणून तो वेगळा लक्षात ठेवा. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो. पाण्यात त्याचा एक भाग बिनविषारी आणि एक विषारी रूपात असतो, आणि कोणता किती हे सामू (पीएच) आणि तापमान ठरवतात. २५ अंशांना सामू ७ असेल तर विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास, ८ असेल तर ५ टक्क्यांच्या आसपास, आणि ९ असेल तर एक-तृतीयांशाहून जास्त. दाट हिरव्या तळ्यात शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे सामू दुपारनंतर चढतो. म्हणजे ऑक्सिजन पहाटे पाहायचा आणि अमोनिया दुपारी उशिरा, सामूसोबत. सकाळच्या एकाच फेरीत सगळे मोजून मोकळे होणाऱ्याला दोन्हीपैकी एक तरी फसवते.

तुमच्या सिमेंटच्या टाक्यांत पाणी गाळून पुन्हा वापरत असाल तर नायट्राइटकडेही पाहा, विशेषतः जैविक गाळणी (जिवाणूंकडून पाणी शुद्ध करून घेणारी) नवी असताना. नायट्राइट रक्तात शिरले की रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतानाही मासे धापा टाकतात आणि कल्ले तपकिरी दिसतात. साध्या मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही, म्हणून तातडीचा उपाय म्हणून मीठ वापरतात. मूळ दुखणे मात्र जास्त खाद्य आणि कच्ची गाळणी हेच असते.

आता संख्येकडे येतो. फक्त संख्या कमी केली की मासे सुखी, असे नाही, आणि ती वाढवली की लगेच दुःखी, असेही नाही. नॉर्वेत समुद्री पिंजऱ्यातल्या सॅल्मनसाठी एका घनमीटरला २५ किलोची मर्यादा आहे, तर युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांत त्याच सॅल्मनसाठी १० किलो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यापारी पिंजऱ्यांत साधारण २२ किलोच्या पुढे सॅल्मनची स्थिती ढासळताना दिसली, पण एकट्या दाटीवरून माशांची अवस्था सांगता येत नाही, असेही त्याच अभ्यासकांनी म्हटले. उलट्या बाजूचीही उदाहरणे आहेत. आफ्रिकन कॅटफिश किंवा ‘आर्क्टिक चार’ नावाचे थंड पाण्यातले मासे विरळ ठेवले तर आपसांत जास्त भांडतात. टाकीत मोजके तिलापिया नर ठेवून पाहा. एक दांडगा नर कोपरा धरतो आणि बाकीच्यांना चावून हैराण करतो. दाटी वाढली की त्याला स्वतःची हद्द राखता येत नाही.

तरीही तुमच्या बाबतीत मी म्हणेन की संख्या थोडी कमी करा. कारण वेगळे आहे. ज्या तळ्यात एरेटर नाही, तिथे पहाटेचा ऑक्सिजन वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग कमी मासे आणि कमी खाद्य हाच असतो. किती कमी, हे पुस्तकातल्या आकड्यावरून ठरवू नका, तुमच्या पहाटेच्या नोंदींवरून ठरवा. दोन गोष्टी त्यासोबत पाहा. खाद्य एकाच कोपऱ्यात टाकत असाल तर दांडगे मासे ते अडवतात. दोन-तीन ठिकाणी, पसरून टाका. आणि बोटुकल्यांच्या टाकीत आकारात फार फरक पडू देऊ नका, लहानांचे पर कुरतडले जातात. आकारानुसार मासे वेगळे करणे हाही ताणच आहे, म्हणून ते काम मासे दुसरीकडे हलवण्याच्या किंवा लसीच्या दिवसाला जोडून घ्या, मुद्दाम वेगळी पकड करू नका.

टाकी मोकळी, गुळगुळीत आणि उघडी असू नये, एवढे मला वाटते. एका भागावर सावली करा म्हणजे माशाला निवड मिळते. तिलापिया नर तळ उकरून खळगा करतो, ती त्याची जन्मजात ओढ आहे. सीब्रीम या समुद्री माशाच्या पिंजऱ्यांत दोऱ्या सोडून, ट्राउट-सॅल्मनच्या टाक्यांत सेकंदाला साधारण एका अंगलांबीचा प्रवाह ठेवून चांगले परिणाम मिळाले आहेत. तुम्ही जे काही घालाल ते धुता यायला हवे, नाहीतर त्यातून रोगच वाढेल. याहून जास्त यावर आत्ता वेळ घालवू नका. तुमच्या तळ्यांत पाण्याचे काम अजून बाकी आहे.

जाळ्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर ही त्याची खरी कातडी समजा. तोच जंतू बाहेर ठेवतो आणि क्षार-पाण्याचा तोल राखतो. गाठींचे खरखरीत जाळे, कोरडा हात, गरम सिमेंट, यांपैकी काहीही लागले की तो थर निघतो आणि खवले उपटतात. त्या दिवशी काहीच दिसत नाही. आठवडाभराने तिथे कापसासारखी बुरशी धरते, मासे मरू लागतात आणि लोक म्हणतात, रोग आला. रोग जाळ्याने आणलेला असतो. म्हणून बिनगाठीचे जाळे घ्या, हात आणि भांडी ओली ठेवा, मासा हवेत १५ सेकंदांहून जास्त राहणार नाही असे माणसांना शिकवा. शेपटीला धरून उचलणे पूर्ण बंद करा. एका वेळी सगळे तळे ओढून कोपऱ्यात तासन्‌तास दाबून ठेवण्यापेक्षा थोडे-थोडे काढा.

एक विसंगती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गारवा असतो म्हणून जाळे भल्या पहाटे टाकतात. तापमानाचा विचार केला तर ते बरोबर. पण ऑक्सिजन नेमका त्याच वेळी सर्वांत कमी झालेला असतो, त्यात दहा माणसे गाळ ढवळतात आणि मासे जीव तोडून पळतात. ज्या माशाला नुसता श्वास पुरत नाही, त्याला आपण सर्वांत जास्त धावायला लावतो. आदल्या रात्री एरेटर सतत चालवा, आदल्या दिवशी खाद्य देऊ नका, आणि सूर्य उगवल्यावर मीटरचा आकडा वर चढू लागला की मगच जाळे पाण्यात घाला. तास-दीड तासाने काही बिघडत नाही.

मत्स्यबीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्ले, आणतानाची एक गोष्ट अशीच कमी माहीत आहे. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत साधारण एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन असतो. प्रवासात त्या पाण्यात अमोनिया साठतो, पण माशांच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइडही साठतो आणि सामू खाली ठेवतो, त्यामुळे अमोनिया बराचसा बिनविषारी राहतो. पिशवी उघडून त्यात हवा मारत बसलात की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. चांगल्या हेतूने केलेले हे काम मी पिल्लांचा जीव घेताना पाहिले आहे. पिशवी बंद असतानाच १५-२० मिनिटे तळ्यावर तरंगू द्या, तापमान जुळले की उघडा, थोडे-थोडे तळ्याचे पाणी आत घ्या आणि लगेच पिल्ले मोकळी सोडा. ज्याच्याकडून बीज घेता त्याने ते आधी हाप्यात (पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत) उपाशी ठेवून प्रवासासाठी तयार केले आहे का, हे विचारूनच गाडी भरा.

रोगांवर थोडक्यात. प्रतिबंध हाच दिलासा देणारा मार्ग आहे, हे नॉर्वेच्या सॅल्मनने दाखवले: १९८७ मध्ये तिथे जवळपास ५० टन प्रतिजैविके वापरली जात होती, चांगल्या लसी आल्यावर काही वर्षांत वापर त्याच्या लहानशा अंशावर आला, आणि उत्पादन मात्र वाढत राहिले. पण उपचारही दुखवू शकतो. तिथेच समुद्री उवा (अंगाला चिकटणारे परजीवी) काढायला सॅल्मनला कोमट पाण्यातून काढतात, आणि २८ अंशांच्या वरच्या पाण्यात ते मासे वेदनेत असल्यासारखे उसळतात, भिंतींवर आपटतात, हे प्रयोगांत दिसले आहे. कोणताही उपचार निवडताना रोग किती कमी होईल यासोबत त्या दिवशी माशावर काय गुजरेल हेही विचारा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बर्फाचा. नाही, जिवंत मासा बर्फात टाकणे बरोबर नाही. तो शांत होतो म्हणून दयाळू वाटते, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. १९९१ मधल्या एका प्रयोगात ट्राउट पाण्याबाहेर काढून, प्रकाश दाखवल्यावर मेंदू किती वेळ प्रतिसाद देतो ते मोजले. २० अंशांना तो २.६ मिनिटांनी थांबला, १४ अंशांना ३ मिनिटांनी आणि २ अंशांना ९.६ मिनिटांनी. थंडीने शरीराचे सगळे व्यवहार मंदावतात, तसे मरणही मंदावते. आधी थांबते ती हालचाल. जाणीव नंतर जाते. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या जलचर संहितेतही जिवंत माशाला पाण्यात बर्फ घालून गारठवणे, पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणे, मीठ किंवा अमोनियात बुडवणे, पाण्याबाहेर गुदमरू देणे आणि शुद्धीत असताना रक्त काढणे, या पद्धती माशांसाठी वाईट म्हणून नोंदवल्या आहेत, आणि दुसरा मार्ग शक्य असेल तिथे त्या वापरू नयेत असे सांगितले आहे.

योग्य क्रम असा: आधी क्षणात बेशुद्ध करणे, लगेच कल्ले कापून रक्त काढणे आणि मग बर्फ. तुमच्या आकाराच्या कामाला डोक्यावरचा नेमका फटका सर्वांत जमण्यासारखा आहे. जड, गोल टोकाची लहान दांडकी घ्या, मासा ओल्या पृष्ठभागावर धरा, डोळ्यांच्या जरा मागे-वर, मेंदूच्या जागी एकच जोरदार फटका. मग तपासा. कल्ल्यांची लयबद्ध हालचाल अजून सुरू आहे का? मासा आडवा फिरवल्यावर डोळा खोबणीत फिरतो का? शेपटी चिमटल्यावर तो झटका देतो का? यांपैकी एकही खूण शिल्लक असेल तर लगेच पुन्हा फटका द्या. थकलेला हात चुकतो, म्हणून माणूस वरचेवर बदला आणि एका वेळी काढता येतील तेवढेच मासे पाण्याबाहेर घ्या. बाकीचे चांगल्या पाण्यात थांबू देत.

मासे लहान आणि पुष्कळ असतील तर विजेने बेशुद्ध करणारे यंत्र लागते. ते घरी जोडून करू नका. माणसाच्या जिवाला धोका आहेच, पण माशाच्या बाजूनेही आहे: पाण्याची विद्युतवाहकता, माशाची जात आणि आकार यांना जुळलेला प्रवाह नसेल तर मासा लुळा पडतो आणि शुद्धीत राहतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. जे यंत्र घ्याल ते तुमच्या जातीवर मेंदूची नोंद घेऊन तपासलेले आहे का, हे विक्रेत्याला विचारा आणि लेखी मागा.

तुमच्या भागीदाराला हे पटवायचे असेल तर मांसाची बाजू सांगा. धडपडून मेलेल्या माशाच्या स्नायूंतली साठवलेली ऊर्जा संपते, आम्ल वाढते, तो लवकर ताठरतो आणि मांस मऊ पडते. शांतपणे मेलेला मासा जास्त टिकतो. मी स्वतः हे कारण दुसरे मानतो, पण ते खरे आहे.

पैशांचे विचारलेत. पहिला खर्च ऑक्सिजन मीटरचा, कारण तो नसेल तर पुढचा सगळा खर्च अंदाजाने होतो. दुसरा एरेटर आणि त्याची वीज जाण्याच्या वेळेची सोय, तेही तिन्ही तळ्यांना एकदम नाही. ज्या तळ्याचा पहाटेचा आकडा सर्वांत वाईट, त्याला आधी. मग बिनगाठीचे जाळे. दांडकीला खर्चच नाही, ती पुढच्या काढणीपासून सुरू करता येईल. नवी गाळणी, महागडी औषधे, पाण्यात घालायच्या पुड्या, हे सगळे आत्ता बाजूला ठेवा.

मीटर हातात आले की सात दिवस सूर्योदयाच्या अर्धा तास आधी तिन्ही तळ्यांत, काठापासून दूर, पृष्ठभागाच्या फूटभर खाली आणि तळाच्या थोडे वर असे दोन-दोन आकडे घ्या. शेजारी तापमान, आभाळ कसे होते आणि मासे कुठे होते ते लिहा. ज्या दिवशी ३ च्या खाली आकडा दिसेल, त्या दिवशी त्या तळ्यात खाद्यही नको आणि जाळेही नको. सात दिवसांच्या नोंदी मला पाठवा. संख्या किती कमी करायची ते त्यावरून तळ्यागणिक सांगतो.